सिस्को कॅटालिस्ट ९३०० : मजल्यावरच्या स्विचचा हिशेब वॉटांत करावा

‘४८ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, पीओईसह, नग ६’ एवढी ओळ बीओक्यूमध्ये (खरेदीच्या सामानाच्या यादीत) टाकून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. कॅटालिस्ट ९३०० च्या मालिकेत ही एकच ओळ निदान चार वेगवेगळ्या खोक्यांना लागू पडते. त्यातलं सगळ्यात स्वस्त खोकं कोटेशनमध्ये येतं, बसतं, दिवे हिरवे होतात. सहा महिन्यांनी नवे वाय-फाय एपी (ॲक्सेस पॉइंट) येतात तेव्हा कळतं की पोर्ट रिकामे आहेत पण वॉट संपलेत.

ही मालिका सिस्कोने २०१७ च्या जूनमध्ये ३८५० या जुन्या मालिकेच्या जागी आणली. ३८५० चा आधार (सपोर्ट) २०२५ च्या ऑक्टोबरअखेर संपला, त्यामुळे जुना स्विच काढून ९३०० बसवण्याची कामं अजून बऱ्याच ऑफिसांत, कॉलेजांत आणि इस्पितळांत चालू आहेत. हे परीक्षण त्या कामासाठी आहे: मजल्यावरच्या रॅकमध्ये बसणारा, फोन, एपी, कॅमेरे आणि लॅपटॉप सांभाळणारा स्विच म्हणून ९३०० कसा आहे. डेटा सेंटरचा स्विच म्हणून नाही. त्या कामासाठी तो बनलेलाच नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून हा स्विच दणकट आहे आणि त्याचा वेग हा कधीच अडचणीचा मुद्दा नसतो. अडचण येते ती चार ठिकाणी: पॉवर सप्लाय, अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी), बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) आणि लायसन्स. यातल्या तीन गोष्टी ऑर्डर देतानाच बिघडतात.

वेगाचा आकडा वाचून पुढे जा

माहितीपत्रकात ४८ पोर्टच्या गिगाबिट मॉडेलची स्विचिंग क्षमता २५६ गिगाबिट लिहिलेली असते. तो आकडा साध्या बेरजेचा आहे: ४८ पोर्टांचे ४८, आठ १०-गिग अपलिंकचे ८०, मिळून १२८, आणि येणं-जाणं दोन्ही धरून दुप्पट. म्हणजे सगळे पोर्ट एकाच वेळी पूर्ण भरले तरी आतली चिप कमी पडत नाही. आज या वर्गातला कुठलाही बरा स्विच हेच करतो, म्हणून या आकड्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही. आत सिस्कोची स्वतःची यूएडीपी २.० चिप आहे, सोबत चार कोअरचा एक्स८६ प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि १६ जीबी फ्लॅश. हा प्रोसेसर पॅकेट हलवत नाही. तो आयओएस एक्सई ही स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम चालवतो आणि मागच्या यूएसबी ३.० खाचेत १२० जीबीची एसएसडी लावली तर डॉकर कंटेनरही (छोटी स्वतंत्र ॲप्लिकेशनं) चालवतो. पॅकेट सगळी चिपमधूनच जातात. त्यामुळे ‘सीपीयू ३० टक्के दाखवतोय, म्हणून नेटवर्क हळू आहे’ हे निदान या स्विचवर बहुतेक वेळा चुकतं.

वॉटांची वजाबाकी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

सी९३००-४८पी हे मॉडेल ७१५ वॉटच्या एका पॉवर सप्लायसह येतं. त्या ७१५ पैकी स्विच स्वतःसाठी राखून ठेवतो आणि पोर्टांना वाटायला ४३७ वॉट उरतात. पीओई प्लसच्या मानकाप्रमाणे एका पोर्टला ३० वॉट द्यायचे तर ४३७ मध्ये १४ पोर्ट बसतात. चौदा! ४८ पोर्टच्या स्विचवर. साध्या पीओईचे १५.४ वॉट धरले तरी २८ पोर्टांवर गाडी थांबते. फोनचं ओझं कमी असतं, कारण फोन सीडीपी (सिस्कोचा) किंवा एलएलडीपी (सगळ्या कंपन्यांचा) या ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलवरून आपली खरी गरज कळवतो आणि स्विच राखीव वॉट कमी करतो. पण ती बोलणी होईपर्यंत वर्ग ३ चं उपकरण १५.४ वॉट अडवून बसतं. लाइट जाऊन आल्यावर सगळे फोन एकदम उठतात तेव्हा शेवटचे काही पोर्ट ‘पॉवर डिनाय’ दाखवतात ते याच कारणाने.

सी९३००-४८यू हे यूपीओई मॉडेल, म्हणजे एका पोर्टला ६० वॉटपर्यंत. ते ११०० वॉटच्या सप्लायसह येतं आणि पीओईला ८२२ वॉट उरतात: ३० वॉटचे २७ पोर्ट, किंवा ६० वॉटचे १३.

दुसरा सप्लाय घेतला की त्याचे सगळे वॉट पीओईच्या खात्यात जमा होतात, कारण स्विचची स्वतःची गरज पहिल्यानेच भागवलेली असते. ४८पी मध्ये दुसरा ७१५ वॉटचा लावला तर ४३७ अधिक ७१५, म्हणजे ११५२. दुसरा ११०० वॉटचा लावला तर सर्व ४८ पोर्टांना ३० वॉट, म्हणजे पूर्ण १४४० मिळतात.

आता इथली खोच. दोन सप्लाय आहेत म्हणजे एक गेला तरी दुसरा सांभाळेल, असं गृहीत धरलं जातं. स्विच मुळात ‘पॉवर-शेअरिंग’ मोडमध्ये असतो. दोन्ही सप्लाय मिळून जेवढे वॉट होतात तेवढे तो वाटून टाकतो. ९०० वॉट वाटलेले असताना एक सप्लाय गेला तर उरलेल्या ४३७ मध्ये जेवढं बसेल तेवढं ठेवून बाकीची उपकरणं बंद केली जातात. कोणती बंद व्हावीत हे तुम्ही सांगितलं नसेल तर स्विच ठरवेल, आणि त्यात स्वागतकक्षातला फोन असेल की प्रवेशद्वारावरचा कॅमेरा, याची त्याला फिकीर नाही. म्हणून दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. जिथे खरंच राखीव सप्लाय हवा आहे तिथे स्टॅकपॉवरचा (तो काय ते पुढे आहे) मोड ‘रिडंडंट’ करावा आणि पीओईचं गणित एकाच सप्लायवर बसवावं. आणि कॅमेरे, एपी, दरवाजाचे रीडर यांच्या पोर्टांवर ‘पॉवर इनलाइन पोर्ट प्रायॉरिटी हाय’ लिहावं.

स्टॅकपॉवर ही या मालिकेची खास सोय. चार स्विचपर्यंतचे सप्लाय जाड केबलींनी एका वर्तुळात जोडायचे, मग सगळे वॉट एका सामायिक साठ्यात येतात. तीन स्विचना मिळून एक जादा सप्लाय घेतला तरी राखीव पुरतो, प्रत्येकाला दुसरा घेण्याची गरज राहत नाही. या केबली ३० आणि १५० सेंटीमीटरच्या येतात आणि डेटाच्या, म्हणजे अनेक स्विच जोडून एक करणाऱ्या, स्टॅक केबलींपासून वेगळ्या असतात. कोटेशनमध्ये त्या गळतात आणि बसवायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

सिस्कोखेरीज दुसऱ्या कंपनीचे एपी असतील तर ‘एलएलडीपी रन’ हा आदेश आठवणीने द्या. सीडीपी मुळात चालू असतो, एलएलडीपी बंद. बोलणी झालीच नाहीत तर एपी कमी वॉटवर चालू होतो, काही रेडिओ साखळ्या बंद ठेवतो आणि तक्रार येते ती ‘वाय-फाय स्लो आहे’ अशी. स्विचच्या लॉगमध्ये चुकीचं काही दिसत नाही. ‘शो पॉवर इनलाइन’मध्ये त्या पोर्टसमोर ३० ऐवजी १५.४ दिसले की रोग सापडला. ३० वॉटच्या पोर्टमधून केबलच्या दुसऱ्या टोकाला २५.५ वॉटच पोचण्याची हमी असते, हेही ध्यानात ठेवा. वाय-फाय ६ई आणि ७ चे कितीतरी मोठे एपी पूर्ण ताकदीने चालायला त्याहून जास्त मागतात. त्यांच्यासाठी ‘पी’ नको, ‘यू’ घ्या.

जाता जाता एक बारीक गोष्ट: या सप्लायना कॉम्प्युटरची नेहमीची पॉवर कॉर्ड बसत नाही. सॉकेटला खाच असलेली कॉर्ड लागते. भारतीय तीन पिनची की पीडीयूसाठीची, म्हणजे रॅकमधल्या वीजपट्टीची, कॅबिनेट जंपर, हे ऑर्डरच्या ओळीतच निवडावं लागतं. आणि ११०० वॉटचा सप्लाय पूर्ण भरला तर २३० व्होल्टवर पाच अँपिअरहून जास्त ओढतो. असे दोन सप्लाय ६ अँपिअरच्या एका बोर्डावर लावणं म्हणजे एमसीबीला आमंत्रण.

लाइट जाण्याच्या आपल्या सवयीसाठी दोन आदेश फार कामाचे आहेत. ‘पर्पेच्युअल पीओई’ लावला की स्विच रीलोड (रीस्टार्ट) होत असताना फोन आणि एपींचा वीजपुरवठा तुटत नाही. ‘फास्ट पीओई’ लावला की वीज जाऊन आल्यावर, जनरेटरच्या चेंजओव्हरनंतर, आयओएस पूर्ण उठायची वाट न पाहता पोर्टांना वीज मिळते. स्विचला उठायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात एपी आपलं बूट उरकून तयार बसलेला असतो. दोन्ही आदेश पोर्टनिहाय द्यावे लागतात, आणि ते मुळात बंद असतात.

अपलिंक आणि मल्टिगिग

४८ गिगाबिट पोर्टांना एकच १०-गिग अपलिंक दिला तर प्रमाण ४.८ ला १ पडतं, दोन दिले तर २.४ ला १. मजल्यावरच्या ऑफिसकामाला दोन पुरतात. खरी निवड दुसरीकडे आहे: ९३०० चा अपलिंक भाग सुटा असतो. आठ १०-गिगचा, दोन ४०-गिगचा, दोन २५-गिगचा असे वेगवेगळे मॉड्यूल बसतात. ते विकत घेतलंच नाही तर स्विचला अपलिंक नसतो, नुसती झाकण लावलेली खाच असते. ९३००एल हे स्वस्त भावंड आहे. त्याचे अपलिंक पक्के असतात, स्टॅकपॉवर नसतो, आणि ते ९३०० च्या स्टॅकमध्ये जात नाही. नावातल्या एका अक्षराचा फरक, पण एकाच रॅकमध्ये दोन्ही आले की दोन वेगळे संसार.

मल्टिगिगचं, म्हणजे एक गिगहून जास्त वेगाच्या तांब्याच्या पोर्टांचं, दुखणं असं की ‘पी’ आणि ‘यू’ मॉडेलचे तांब्याचे पोर्ट १ गिगवरच थांबतात. २.५ गिगचा एपी त्यावर चालतो, तक्रारही करत नाही, फक्त अर्ध्याहून कमी वेगाने चालतो. एपींच्या मजल्यासाठी सी९३००-४८यूएक्सएम पाहावा: ३६ पोर्ट २.५ गिगचे आणि १२ पोर्ट १० गिगपर्यंतचे. २.५ गिग जुन्या कॅट ५ई केबलवरही १०० मीटरपर्यंत जातं, त्यामुळे भिंती फोडायची गरज नसते. मात्र या मॉडेलचे पोर्ट भरले तर बेरीज २१० गिगाबिट होते. त्याला एक १०-गिग अपलिंक जोडणं म्हणजे नरसाळ्याच्या तोंडाकडे पाहून नळीचा विचार न करणं.

जुन्या इमारतीत मजल्यामजल्यांतून गेलेली मल्टिमोड फायबर तपासून घ्या. १०-गिगचं एसआर (कमी अंतराचं) मॉड्यूल ओएम३ वर (ओएम म्हणजे मल्टिमोड फायबरची प्रत) ३०० मीटर जातं, ओएम४ वर ४००, ओएम२ वर ८२ आणि ओएम१ वर फक्त ३३. एक गिगवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली ओएम१ ची तार १० गिगला लावल्यावर लिंक फडफडू लागली तर दोष नव्या स्विचचा नसतो.

बफर: पाच मिनिटांच्या सरासरीत न दिसणारी गळती

या स्विचबद्दल सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘पोर्टवर लोड चार टक्के आहे, तरी आउटपुट ड्रॉप वाढतायत’. तक्रार खरी असते आणि कारण सरळ असतं.

फाइल सर्व्हर १०-गिगवर आहे, युजर १-गिगवर. सर्व्हर एका झटक्यात डेटा सोडतो तेव्हा तो १० च्या वेगाने येतो आणि १ च्या वेगाने बाहेर पडतो. मधले ९ गिगाबिट प्रतिसेकंद कुठेतरी साठवायचे असतात. या हिशेबाने १ मेगाबाइट जागा एका मिलिसेकंदाच्या आत भरते. गिगाबिट मॉडेलमध्ये चिपचा एकूण बफर १६ मेगाबाइट आहे आणि तो सगळ्या पोर्टांत वाटलेला. मूळ मांडणीत एका पोर्टच्या रांगेला सामायिक साठ्यातून फार थोडं उचलता येतं, म्हणून शेजारच्या पोर्टांचा बफर रिकामा असतानाही या पोर्टवर पॅकेट गळतात. पाच मिनिटांच्या सरासरीत हा मिलिसेकंदाचा झटका दिसणं शक्यच नाही.

उपाय एका ओळीचा आहे: ‘क्यूओएस क्यू-सॉफ्टमॅक्स-मल्टिप्लायर १२००’. मूळ किंमत १०० असते. १२०० केल्यावर रांगेला गरजेच्या क्षणी सामायिक साठ्यातून बरंच जास्त उचलता येतं. सर्वसाधारण ऑफिसमध्ये एवढ्याने ड्रॉप जवळजवळ थांबतात. सगळेच पोर्ट एकदम झटके देणारे असतील, उदाहरणार्थ सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचा मजला, तर साठाच अपुरा पडतो. तिथे जास्त बफरची ९३००बी मॉडेलं आहेत, किंवा त्या मोजक्या मशीन मल्टिगिग पोर्टवर हलवाव्यात. हा आदेश मुळातच १२०० का ठेवला नाही, हे कोडंच आहे.

ड्रॉपचा आकडा पाहून घाबरण्याआधी सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा. १६ मालिकेच्या जुन्या आवृत्त्यांत हा आकडा पॅकेटांचा नसून बाइटांचा असे. १५ लाख बाइट म्हणजे साधारण हजार पॅकेट. आणि पोर्टवर ‘लोड-इंटरव्हल ३०’ लावून ठेवा. ३० सेकंदांची सरासरीही मिलिसेकंदासाठी फार लांब आहे, पण पाच मिनिटांपेक्षा बरी.

आवाजासाठी रांगा लावताना एकच पथ्य. प्रत्येक पोर्टला आठ रांगा मिळतात, त्यातल्या दोन प्राधान्याच्या करता येतात. प्राधान्याच्या रांगेला टक्केवारीची मर्यादा घाला. नाहीतर कुणीतरी व्हिडिओ कॉलचा सगळा ट्रॅफिक ईएफ (सर्वांत तातडीच्या) खुणेने पाठवतो आणि बाकीचे उपाशी राहतात.

स्टॅक

मागच्या बाजूने खास केबलींनी आठपर्यंत स्विच जोडता येतात आणि सगळ्यांचा मिळून एक स्विच होतो: एक आयपी पत्ता, एक कॉन्फिगरेशन, एक ‘ॲक्टिव्ह’ आणि एक ‘स्टँडबाय’. ॲक्टिव्ह गेला तर स्टँडबाय सूत्रं घेतो आणि बाकीच्या स्विचवरचे पोर्ट चालूच राहतात. ही सोय ९३०० वर खरोखर परिपक्व आहे. दोन अपलिंक दोन वेगळ्या सभासदांवरून काढून एकाच पोर्ट-चॅनेलमध्ये (अनेक लिंकांची मिळून एक लिंक) बांधले की स्पॅनिंग ट्रीची (लूप टाळायला जादा लिंक बंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलची) डोकेदुखीही जाते.

केबल अर्धा, एक आणि तीन मीटरच्या मिळतात. शेवटच्या स्विचवरून पहिल्यावर परत येणारी केबल लांब लागते. तीच मागवायची राहते. मग वर्तुळ पूर्ण होत नाही, स्टॅक अर्ध्या क्षमतेवर चालतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण सगळं चालू असतं. मधला एक स्विच बंद पडला की स्टॅकचे दोन तुकडे होतात. ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’मध्ये ‘फुल’ दिसलं पाहिजे. ‘हाफ’ दिसलं तर आधी केबलचे स्क्रू हाताने घट्ट करा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

नवा सभासद जोडताना तो बंद ठेवून केबल लावायच्या आणि मग वीज द्यायची. चालू स्विच चालू स्टॅकला जोडला तर दोन्हीकडे ॲक्टिव्ह असतात, दोघांत निवडणूक होते आणि हरलेल्या बाजूचे सगळे स्विच रीलोड होतात. कामाच्या वेळात हे झालं तर अख्खा मजला बंद. निवडणूक नशिबावर सोडू नये म्हणून वरच्या स्विचला प्रायॉरिटी १५ आणि त्याखालच्याला १४ द्यावी. दोघांची लायसन्स पातळी एकच हवी, नाहीतर नवा सभासद आत येत नाही. सॉफ्टवेअर वेगळं असेल तर ‘सॉफ्टवेअर ऑटो-अपग्रेड एनेबल’ ते जुळवून घेतं, पण स्टॅक इन्स्टॉल मोडमध्ये (सॉफ्टवेअर सुट्या पॅकेजांत उलगडून चालवण्याच्या पद्धतीत) असेल तरच.

हा इन्स्टॉल मोड पुन्हा पुन्हा अडवतो. ‘शो व्हर्जन’च्या तळाशी ‘बंडल’ दिसलं तर कुणीतरी बिन फाइलवरून थेट बूट केलंय. बूट व्हेरिएबल ‘फ्लॅश:पॅकेजेस.कॉन्फ’वर आणा. मग अपग्रेड एका ओळीत होतं: इन्स्टॉल ॲड फाइल, ॲक्टिव्हेट, कमिट. त्याआधी ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्ह’ने जुनी पॅकेजं झाडून टाका. ‘कमिट’ वेगळं द्यायचं ठेवलं असेल तर ठरावीक मुदतीचं घड्याळ चालू होतं. तेवढ्यात कमिट दिलं नाही तर स्विच आपणहून जुन्या आवृत्तीवर परततो. रात्री दोनला अपग्रेड करून झोपलेल्याला सकाळी मजला पुन्हा रीलोड झालेला दिसतो तो यामुळेच. चुकीच्या अपग्रेडपासून वाचवणारी ही सोय आहे, फक्त ती माहीत असली पाहिजे.

अपग्रेडला सगळा स्टॅक एकदम खाली जातो. आठ स्विचचा स्टॅक म्हणजे ३८४ पोर्ट एकाच वेळी. १७ मालिकेत ‘रीलोडफास्ट’ची सोय आली आहे. तिच्यात वाहतूक ३० सेकंदांपेक्षा कमी थांबते असं सिस्को सांगते, पण तिच्या अटी आहेत आणि रचना त्यात बसते का ते आधी तपासावं लागतं. इस्पितळासारख्या जागी आठाचा एक स्टॅक करण्यापेक्षा चारचार करावेत. स्टॅकपॉवरची मर्यादाही चारचीच आहे, त्यामुळे दोन्ही हिशेब जुळतात.

सेवा, आणि त्यांच्यामागे उभं असलेलं लायसन्स

९३०० जे करू शकतो आणि विकत घेतलेला ९३०० जे करतो, यात फरक असतो. नेटवर्क इसेन्शियल्स आणि नेटवर्क ॲडव्हांटेज हे कायमचे परवाने. त्यांच्यावर डीएनए (सिस्कोच्या नेटवर्क व्यवस्थापनाच्या सोयी) इसेन्शियल्स किंवा ॲडव्हांटेज हे तीन, पाच किंवा सात वर्षांच्या मुदतीचे, आणि नव्या खरेदीत ते घ्यावेच लागतात. मुदत संपली म्हणून स्विच पॅकेट हलवायचं थांबवत नाही, पण डीएनए परवान्यावरच्या सोयी वापरण्याचा हक्क संपतो.

प्रत्यक्षात काय कुठे पडतं? व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं), ८०२.१एक्स (पोर्टवर ओळख तपासणं), डीएचसीपी स्नूपिंग (बनावट पत्तावाटप रोखणं), १२८ बिटचा मॅकसेक (लिंकवरचं एन्क्रिप्शन), १००० मार्गांपर्यंतचा ओएसपीएफ (राउटिंग) एवढं इसेन्शियल्समध्ये भागतं. बीजीपी (मोठ्या नेटवर्कांचं राउटिंग), व्हीआरएफ (वेगळी राउटिंग टेबलं), व्हीएक्सलॅन (नेटवर्कवरचं आभासी नेटवर्क), २५६ बिटचा मॅकसेक यांना ॲडव्हांटेज लागतो. कंटेनर चालवायला डीएनए ॲडव्हांटेज. मजल्यावरचा स्विच शंभरातल्या नव्वद ठिकाणी व्हीलॅन आणि ८०२.१एक्सच करतो, तेव्हा ‘असू द्या, पुढे लागेल’ म्हणून ॲडव्हांटेज घेणं ही सरळ उधळपट्टी आहे. एसडी-ॲक्सेस (सिस्कोची सॉफ्टवेअरने चालणारी नेटवर्क रचना) करायचा ठरला असेल, तारखेसह, तरच घ्या. पातळी नंतर बदलता येते, पण रीलोड करावा लागतो.

सॉफ्टवेअरच्या १७.३.२ आवृत्तीपासून लायसन्सची पद्धत सुधारली आहे. आधी नोंदणी, मग वापर, ही जाचक अट गेली. आता वापराचा अहवाल ठरल्या मुदतीत पाठवायचा, आणि इंटरनेट नसलेल्या जागी तो फाइल काढून हातानेही देता येतो.

सेवांपैकी ८०२.१एक्स हीच खरी किमतीची. ती लावताना पहिले काही आठवडे ‘ओपन’ ठेवून नुसते लॉग पाहा, म्हणजे कुठला प्रिंटर आणि कुठलं बायोमेट्रिक यंत्र ओळख देऊ शकत नाही ते कळतं. रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा) गाठता आला नाही तर पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये जावा हेही आधीच लिहून ठेवा. डीएचसीपी स्नूपिंगची नेहमीची चूक म्हणजे अपलिंकवर ‘ट्रस्ट’ द्यायचं राहणं. मग कुणालाच पत्ता मिळत नाही. दुसरी चूक लपलेली असते: स्विच विनंतीत ऑप्शन ८२ (विनंती कुठल्या पोर्टवरून आली याची खूण) घालतो आणि वरचा रिले (विनंती सर्व्हरकडे पाठवणारा) ते पॅकेट संशयित म्हणून टाकून देतो. ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन’ दिलं की प्रश्न मिटतो. नेटफ्लो (कोण कुणाशी किती बोलतं याची नोंद) चांगला चालतो, गिगाबिट मॉडेलवर ६४ हजार प्रवाहांपर्यंत आणि चिपमध्येच. कंटेनरची सोय मात्र मजल्यावरच्या स्विचवर फारशी वापरली जाताना दिसत नाही.

सुरक्षेचं एक काम बसवण्याच्या दिवशीच उरका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयओएस एक्सईच्या वेब यूआयमधला सीव्हीई-२०२३-२०१९८ हा दोष बाहेर आला. गांभीर्य १० पैकी १०, आणि हल्ले आधीच सुरू झालेले. ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ या दोन ओळींनी तो दरवाजाच बंद होतो. वेब यूआयवाचून कुणाचं काही अडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एसएनएमपी या मॉनिटरिंगच्या प्रोटोकॉलमधला सीव्हीई-२०२५-२०३५२ आला. दुरुस्त आवृत्ती टाका, ‘पब्लिक’ नावाची कम्युनिटी काढा, आणि एसएनएमपी फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला उत्तर देईल अशी ॲक्सेस लिस्ट लावा.

जागा आणि उष्णता

स्विच ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालतो. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच तेवढं असतं, आणि जिन्याखालच्या बंद कपाटात त्याहून जास्त. पीओईने भरलेला स्विच स्वतःही तापतो. मागे तीन पंखे आहेत, ते सुटे बदलता येतात, आणि एक गेला तरी उरलेले दोन सांभाळतात. पंख्यांचा आवाज मात्र आहे. कुणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर लावायचं हे यंत्र नव्हे. यंत्राची मागे जाणारी खोलीही (डेप्थ) पाहा: चेसिसच सुमारे ४५ सेंटीमीटर, त्यामागे सप्लायची मूठ आणि वळण घेणाऱ्या स्टॅक केबली. भिंतीवरच्या उथळ रॅकचं दार मग बंद होत नाही. पुढच्या बाजूचा निळा बीकन दिवा ही छोटी पण छान सोय. आदेश देऊन तो लावायचा आणि फोनवरच्या माणसाला ‘निळा दिवा लागलाय तोच काढ’ म्हणायचं.

कोणी घ्यावा

तीस-चाळीस माणसांच्या, एका रॅकच्या ऑफिसला ९३०० नको. ९२००एल या धाकट्या मालिकेत काम होतं. जिथे मजल्यावर दोनशेच्या वर पोर्ट, भरपूर एपी आणि दिवसभर चालणारे फोन आहेत, आणि वीज भरवशाची नाही, तिथे स्टॅकपॉवर आणि फास्ट पीओईसाठी ९३०० चे जादा पैसे वसूल होतात. अरुबाचा सीएक्स ६३०० हा तोडीचा पर्याय आहे. त्याचा स्टॅक पुढच्याच अपलिंक पोर्टांवरून होतो, दहा सभासदांपर्यंत, त्यामुळे दूरच्या रॅकमधले स्विचही फायबरने एका स्टॅकमध्ये घेता येतात. ९३०० ला ते जमत नाही. पण स्टॅकपॉवरसारखं तिकडे काही नाही.

२०२५ च्या जूनमध्ये सिस्कोने पुढची सी९३५० मालिका जाहीर केली आहे. म्हणून आता ९३०० चं कोटेशन आलं तर त्या नेमक्या मॉडेलची विक्री आणि आधार कुठवर आहे, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. आणि कोटेशनच्या ओळी मोजा: स्विच, अपलिंक मॉड्यूल, दुसरा सप्लाय, स्टॅक केबल, स्टॅकपॉवर केबल, पॉवर कॉर्ड, एसएफपी (फायबरचं मॉड्यूल), डीएनएची मुदत, सपोर्ट करार. नऊ ओळी असल्या पाहिजेत. पाचच असतील तर राहिलेल्या चार तुम्हाला बसवण्याच्या दिवशी कळतील.